न वाळलेले तीन कांदे

चित्राच्या कोपऱ्याला करंगळी हलकेच टेकवायची, ती अंगठ्यावर घासून बघायची आणि म्हणायचं, “वाळू द्या, सायब. घाई न्हाई.” काष्टीच्या आमच्या पेंटरचं हे ठरलेलं.

तुमच्याही गावात असा एक पेंटर असेलच. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्याच्याच हातचं. फ्लेक्स आले, पाट्या थांबल्या, तेव्हा आमच्या पेंटरनी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी तैलरंग शिकवायला सुरुवात केली.

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. बोलायला कमी, लपवायला हुशार. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ब्रश हातात धरला. पहिल्या दिवशी मी मोबाईलमधला सूर्यास्ताचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. घरात जाऊन तीन कांदे आणले आणि स्टुलावर ठेवले.

“कांदे?”

“कांदंच. ह्यो जमला की मान्साचं त्वांड जमतं. आन् डोळं बारीक करा. टक लावून बघितलं की नुसती सालं दिसत्यात.”

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाने सावल्या. त्या वाळल्या की वर तेल घातलेला जाड रंग. उलटं केलं तर वरचा थर तडकतो. उजेडाचा पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. मी तो पाचव्या मिनिटाला दिला, तर त्यांनी चिंधीने पुसून टाकला. “आवो, कुकू लावायच्या आदी नवरी तरी यिऊ द्या!”

रंगांचं त्यांना फार कौतुक नव्हतं. कौतुक होतं तेलाचं. घाण्यावरून जवसाचं तेल आणायचं, बाटल्यांच्या तोंडाला फडकं बांधून गच्चीवर उन्हात ठेवायचं, मधासारखं दाट होईपर्यंत रोज हलवायचं. तीस वर्षांत एक बाटली बिघडली नव्हती, हे ते नवीन माणसाला नावाच्या आधी सांगायचे.

दुसऱ्या थरासाठी चित्र मी घरी नेलं. त्यांनी दिलेल्या बाटलीला कोपर लागलं आणि तेल फरशीवर. पुन्हा मागायची लाज वाटली. स्वयंपाकघरात शेंगतेलाचा डबा होता. तेल ते तेल, म्हटलं, आणि घातलं. रंग काय सुरेख पसरला! पेंटर खूश झाले. तपकिरीने त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं, त्यामुळे वासाचा प्रश्न नव्हता.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. इतरांची चित्रं भिंतीवर लागली, माझे कांदे ओलेच. शेंगतेल जवसाच्या तेलासारखं वाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. दर रविवारी करंगळी यायची आणि मागच्या खुणेशेजारी टेकायची. “वाळू द्या” म्हणायचे, पण आवाज बारीक होत चालला होता. एकदा त्यांनी विचारलं, “तेल कोंचं घातलं, सायब?”

“तुमचंच,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी गच्चीवर बाटल्या नव्हत्या. सगळं तेल त्यांनी शेडच्या दाराच्या फळ्यांना चोळून संपवलं होतं. प्रत्येकाच्या पुढ्यात दुकानातली छोटी बाटली. “आता हेच वापरा. माज्या तेलाचा भरवसा न्हाई ऱ्हायला. हात म्हातारा झाला.” चकचकणाऱ्या दाराकडे पाठ करून ते हे बोलले. मी मान खाली घालून दुसरे कांदे रंगवत बसलो. तीन महिने तसाच बसलो. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मलाच दिलासा देत होते.

शेवटी बायकोला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली. “भाजीचं तेल तुम्ही घातलंत, आणि हात म्हातारा झाला त्यांचा? जा, आजच्या आज सांगून या.”

दुपारी गेलो. ते दारात बसून ब्रश धूत होते.

“पेंटर, तेल तुमचं नव्हतं. तुमचं सांडलं. मी शेंगतेल घातलं.”

ब्रश तसाच डब्यात राहिला. मग ते असे हसले की शेजारीण बाहेर आली. “शेंगत्याल! आवो, कांदं तेलात टाकलं व्हय? मंग फोडनीला मोहरी का न्हाई टाकली?”

मीही हसलो. ते थांबले तसा मी थांबलो.

“त्याल सांडलं, त्याचं काय न्हाई. पन मी रातध्याड माजाच हात तपासत बसलो, सायब. तुमाला दिसत हुतं की.”

त्यांनी ब्रश डब्यातून काढून पुसला आणि पायात चपला घातल्या. “उठा. घाना उघडा असंल. ऊन वाया चाललंय.”

त्या संध्याकाळी बाटल्यांना फडकी आम्ही दोघांनी बांधली. पुढे वर्षभर येईल त्याला माझी ओळख करून दिली जायची: “हे सायब. ह्यांचं चित्र खायचं हाय, टांगायचं न्हाई.” आणि लगेच: “माजं त्याल चुकलं नव्हतं बरं का!” त्या दुसऱ्या वाक्यासाठी मी पहिलं कितीही वेळा ऐकायला तयार होतो.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शेडमध्ये आता ठिबकच्या नळ्या ठेवतात. कांदे माझ्या घरी, टेबलावर. अजून चिकट आहेत, धूळ धरतात, बायको कुरकुरते. पण डाव्या कोपऱ्यात एका ओळीत करंगळीचे बारीक ठसे आहेत, दर रविवारचा एक. परवा मीही करंगळी पुढे नेली, आणि टेकवायच्या आधीच मागे घेतली.