तिची वाट कोडची, माझी माणसांची

यवतला मी बसमध्ये चढायचे तेव्हा माझी मैत्रीण भांडगावहून आधीच बसलेली असायची. पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघी बरोबरच लागलो होतो. जाताना कोडवरून भांडायचो, येताना ऑफिसातल्या प्रत्येकाची खेचायचो.

एकदा मालकांनी मला बोलावलं. "चांगला कोड लिहिणाऱ्याला बढती द्यायची तर मॅनेजर करावं लागतं. मग कोड अडतो आणि मॅनेजरही धड मिळत नाही. बढतीच्या दोन वाटा आखा. एक माणसं सांभाळणाऱ्यांची, एक तांत्रिक. मान आणि पगार सारखाच."

आम्ही ते बसमध्येच आखलं. कुठल्या पायरीवर काय यायला हवं हे ती सांगत गेली, मी मोबाइलवर टिपत गेले.

"तू कुठली घेणार?" मी विचारलं.

"मला माणसं न्हाई जमत बाई. माझा कोड बरा. मॅनेजरची तू घे. तुझ्याशी समदी मोकळं बोलत्यात."

मी घेतली.

वर्षाच्या शेवटी तिच्या कामाचा आढावा माझ्याकडेच आला. मी मनापासून चांगलं लिहिलं होतं. तरी दार लावून समोरासमोर बसल्यावर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं गंमत करतेय. मी हसले, ती हसली नाही.

त्यानंतर बसमध्ये बोलणं व्हायचं, पण तिच्या भाचीचं, उसाच्या तोडीचं. शेवटी मी विचारलंच, "राग हाय का माझ्यावर?"

"राग कशाचा? पण मी कुणाबद्दल काय बोलले, तर आता तुला ते नुसतं ऐकून सोडता येतंय का?"

नव्हतंच येत.

पुढं तांत्रिक वाटेवरच्यांना घरून काम करायची मुभा मिळाली. मी एकटीच जाऊ लागले. दिवसभर माणसं माझ्याकडे यायची, कुणाचं भांडण, कुणाची रजा, आणि सांगून हलकी होऊन जायची. जेवायला मी टेबलाशी बसले की गप्पांचा आवाज उतरायचा. घरी सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "आमची सून सायबीण झाली."

एका रविवारी स्कूटी काढून भांडगावला गेले. ती ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "बरं झालं आलीस, बघ हे," म्हणत तिनं जागा केली. एक चूक सापडत नव्हती. तासभर आम्ही डोक्याला डोकं लावून बसलो. ती भराभर बोलत होती, मला अर्धंच कळत होतं, पण बरं वाटत होतं. मग माझा फोन वाजला. टीममधल्या एकाला नोकरी सोडायची होती. अंगणात फिरत मी त्याला समजावत राहिले.

परत आले तर लॅपटॉप मिटलेला. "सापडलं," ती म्हणाली. "चहा टाकते."

काय सापडलं, हे मी विचारलं नाही. चहा घेतला आणि ऊन उतरायच्या आत यवतला परत आले.