शिवणीचं वल्हं

पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं. वर खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी खाली येतं, म्हणून खालापुरातल्या बाकीच्या ओढ्यांसारखी ती चैत्रात कोरडी पडत नाही. आमची वस्ती एका काठाला. रस्ता, बाजार, दवाखाना दुसऱ्या काठाला. पूल नव्हता तेव्हा बारा महिने होडी लागायची. ती होडी गजा चालवायचा.

गजा अंगानं दांडगा. त्याचं सागाचं वल्हं त्याच्याहून हातभर उंच होतं. ते तो एका हातानं उचलून खांद्यावर टाकायचा आणि उतारावरून गाणं म्हणत खाली जायचा. बायको मैना लहानखुरी, गप्प. पोरबाळ नव्हतं. घरचा भाताचा तुकडा ती बघायची, नदी तो बघायचा.

बासष्ट साली, भातं कापायच्या दिवसांत, गजाच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठायला गेला तो उजव्या बाजूला कलंडला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. पलीकडच्या दवाखान्यात नेला, औषधं झाली, तेलं झाली. डावा हात, डावा पाय राहिला. बोलणं राहिलं ते अर्धंमुर्धं, तेही मैनालाच कळायचं.

होडी काठाला बांधून पडली. पलीकडून माणसं हाका मारायची. चार-सहा दिवस गावातल्या पोरांनी आळीपाळीनं वल्हं मारलं, मग ज्याला त्याला आपापलं शेत. एका सकाळी हाकेला मैनाच खाली उतरली. साडीचा काष्टा घट्ट केला आणि नवऱ्याचं वल्हं घेऊन होडीत चढली.

संथ पाण्यात कसंबसं जमायचं. पण ते वल्हं तिच्यासाठी नव्हतंच. पाण्यातून वर काढतानाच तिचा अर्धा जीव जायचा. तळहात सोलले. खांदा असा भरून यायचा की रात्री कूस बदलता येत नसे. तिनं घरात यातलं काही सांगितलं नाही. गजा ओट्यावर बाजेवर पडून नदीकडं बघत असायचा, आणि ती आली की मान भिंतीकडं करायचा.

पुढल्या पावसाळ्यात व्हायचं ते झालं. बाजाराला निघालेल्या बायका होडीत होत्या. वरून गढूळ पाण्याचा लोंढा आला. मैनानं वल्हं घातलं, पण ते उचलून पुन्हा घालेपर्यंत होडीचं तोंड फिरलं होतं. होडी आडवी होऊन वाहत निघाली. बायकांनी आरडाओरडा केला. बरंच खाली एक करंज पाण्यावर वाकलेला होता, त्याच्या फांद्यांत होडी अडकली आणि सगळ्या वाचल्या. सोनुबाईची भाजीची पाटी तेवढी गेली.

संध्याकाळी चुलत दीर मालोजी ओट्यावर आला. "वयनी, रागावू नको. पन हे बाईचं काम नाय. मी दुसरा मानूस बघतो."

मैना म्हणाली, "भावजी, मानूस बघा. पन वल्हं माझ्या मापाचं असतं तर होडी फिरली नसती. ते मला नदीतच कळलं."

"वल्ह्याला कसलं माप?"

दुसऱ्या दिवशी मैना कोंडाजी सुताराकडं गेली.

कोंडाजी नांगर करायचा, बैलगाडीचं जू करायचा. बाईमाणूस स्वतःसाठी वल्हं मागतंय म्हटल्यावर तो हसला नाही. त्यानं आतून तीन फळ्या काढून तिच्यापुढं ठेवल्या.

"हा साग. तुझ्या घरात हाय तोच. ही सावर, उचलून बघ."

मैनानं सावर उचलली. हातात काही आहे असंच वाटेना. तिचा चेहरा उजळला.

"तिला भुलू नको," कोंडाजी म्हणाला. "एक पावसाळा काढंल, मग आतून भुगा. लोंढ्यात मोडली तर काय करशील? आनि ही शिवन. सागापेक्षा हलकी हाय, पान्यात वाकत नाय."

मैनानं तिन्ही फळ्या पुन्हा पुन्हा हातात धरल्या. आडव्या धरल्या, खांद्यावर घेतल्या, वल्हं मारल्यासारख्या हवेत फिरवून पाहिल्या. शेवटी शिवणीची फळी निवडली.

कोंडाजीनं तिला सरळ उभी राहायला सांगितलं आणि दोरी धरली. "दांडा तुझ्या हनुवटीपातूर. त्याच्यावर गेला की खांदा मरतो. पातं केवढं करू?"

"त्यांच्या वल्ह्याएवढंच करा," ती म्हणाली. "रुंद. पानी जास्त ढकललं पायजे."

"जड जाईल, वयनी."

"जाऊ दे. एकदा वाहून गेले. आता कमी पडायला नको."

कोंडाजीनं ती म्हणाली तसं केलं. नवं वल्हं घेऊन ती घरी आली, तेव्हा गजा बाजेवर बसला होता. तिनं ते त्याच्यासमोर धरलं. त्यानं एकदा त्या आखूड दांड्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या रात्री तो जेवला नाही. मैनानं ताट झाकून ठेवलं आणि तीही तशीच निजली.

सकाळी तिनं माणसांऐवजी वाळूची पोती होडीत घातली आणि एकटीच पाण्यात गेली. वल्हं उचलायला हलकं होतं, पण पाण्यात शिरलं की रुंद पातं भिंतीसारखं अडायचं. मधल्या धारेत दोनदा तिचा हात सुटता सुटता राहिला. दोन-चार फेऱ्यांत दम लागला. ती काठाला येऊन होडीतच गुडघ्यांत डोकं घालून बसली.

तेवढ्यात वरून आवाज आला. गजा भिंत धरत, पाय ओढत उतारापर्यंत आला होता. आजारानंतर तो ओट्याखाली उतरलाच नव्हता. मैना धावत वर गेली.

"आवो, पडाल ना!"

त्यानं डावा हात पुढं केला. तिनं वल्हं त्याच्या हातात दिलं. त्यानं खाली बसून ते मांडीवर आडवं घेतलं, पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग जमिनीवर बोटानं एक पातं काढलं, बारीक, पिंपळाच्या पानासारखं नव्हे, आंब्याच्या पानासारखं.

"बा... बारीक," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला फार कष्ट पडले. "कड... पातळ. भरभर मार. जोर नको."

मैना त्याच्याकडं बघत राहिली. वर्ष होत आलं होतं. नदीबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"मला येईल का वो?" तिनं विचारलं.

गजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लकव्यानंतर त्याला उगाचच रडू यायचं, पण हे तसलं नव्हतं. "येतंय," तो म्हणाला. "आत्ता... बगितलं. येतंय."

कोंडाजीनं पातं तासून अरुंद केलं, कडा पातळ केल्या. मग मात्र ते वल्हं मैनाच्या हाताला बसलं. गजाच्या एका फटकाऱ्यात जेवढी होडी जायची, तेवढी न्यायला तिला दोन लागत. पण ते दोन ती सहज मारी. गजा आता दिवसभर उतारावरच्या दगडावर बसे. पाणी वाढलं की डावा हात वर करून कुठून धार धरायची ते दाखवी. मालोजीनं दुसरा माणूस आणलाच नाही. सोनुबाई पुन्हा पाटी घेऊन होडीत बसू लागली.

असे चार पावसाळे गेले. पाचव्या श्रावणात गजाला दुसरा झटका आला आणि दुपारच्याला तो गेला.

मसणवट पलीकडं. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. तिरडी उतारावर आणली आणि माणसं थांबली. होडी कोण नेणार? आमच्याकडं बायका मसणात जात नाहीत. त्यातून हिचाच नवरा.

मालोजी म्हणाला, "मी नेतो." त्यानं वल्हं उचललं. पण नदीकडं बघून तो होडीत चढेना, ते सगळ्यांना दिसलं.

मैना बायकांत बसली होती. कपाळ नुकतंच पुसलेलं, हात मोकळे. ती उठली आणि खाली आली. "भावजी, वल्हं द्या. ते तुमच्या मापाचं नाय."

"वयनी, असं कुठं असतं का? लोकं काय म्हनतील?"

तेव्हा म्हातारी भागूबाई, गजाची आत्या, काठी टेकत पुढं आली. "लोकं हीच हायेत ना, इथं उभी? सांगा रं, कोन नेतोय माझ्या गजाला? हाय कोन?" कुणी पुढं झालं नाही. "मग तिला नेऊ दे. मढ्याला वाहून जाऊ द्यायचं हाय का?"

मालोजीनं वल्हं तिच्या हातात दिलं.

तिरडी होडीत आडवी ठेवली, चौघे खांदेकरी बसले. मी त्या दिवशी काठावर होतो. मैना मागच्या टोकाला उभी राहिली. होडी सोडली तशी धार अंगावर आली. तिनं ती वरच्या बाजूनं धरली, आणि भरभर, छोटे फटकारे मारत होडी तिरपी नेली. एकदाच होडीचं तोंड हललं, तेव्हा खांदेकऱ्यांनी तिरडीला मिठी मारली. मैनाची नजर पाण्यावरच होती. नवऱ्याकडं तिनं पाहिलं ते पलीकडं लागल्यावर. तिरडी उचलून माणसं वर गेली, आणि ती होडीचा दोर धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. धूर दिसेपर्यंत तशीच उभी होती. मग माणसांना परत आणलं.

दहाव्यानंतर ती पुन्हा होडीवर गेली. लग्नसराईत दोन-तीन वऱ्हाडं विधवेच्या होडीत नको म्हणून लांबून, उथळ पाण्यातून गाड्या घालून गेली. तिनं कुणाला बोल लावला नाही. बाळंतपणाला निघालेल्या बाया मात्र रात्री-अपरात्री तिलाच हाक मारायच्या, आणि ती जायची.

एकोणऐंशी साली पूल झाला. मैनानं होडी धुतली, उलटी करून परसातल्या मांगराच्या भिंतीला लावली आणि दुसऱ्या दिवसापासून भाताच्या तुकड्यावर लक्ष घातलं. पुलावरून बाजाराला जाताना ती कठड्याच्या कडेनं, नदीच्या बाजूनं चालायची. सोबतच्या बायका बोलत पुढं जायच्या. ती एखादं पाऊल मागं राहायची, खाली पाणी किती चढलंय ते बघायची आणि पुन्हा त्यांना गाठायची.