सिद्रामप्पांच्या गिरणीतलं गरम पीठ

लोहाऱ्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत सिद्रामप्पांची पिठाची गिरणी आहे. त्यांचं वय त्रेसष्ट. या उन्हाळ्यात त्यांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, कारण पीठ गरम येऊ लागलं. ज्वारीचं पीठ दळतानाच तापलं की त्याची विरी जाते, चिकटपणा उरत नाही. भाकरी थापताना चिरते, तव्यावर टाकताना तुटते. बायका हे बोलून दाखवत नाहीत, डबा गावातल्या नव्या गिरणीत नेतात.

शिवकांताबाई तेवढ्या बोलल्या. दळण परत आणून त्यांनी डबा फळीवर आदळला.

"अप्पा, हात घाला की पिठात. चटका बसतोय. ह्याची भाकर थापू का ह्यावर पापड भाजू?"

"जवार जुनी असंल तुमची."

"ह्याच पोत्यातली त्या नव्या गिरणीत दळली, तर टम्म फुगली भाकर. जवारीला कळतंय व्हय, गिरणी कुणाची ती?"

सिद्रामप्पांनी मग व्होल्टेजला दोष दिला. तीन महिने ते हेच सांगत होते. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले होते. त्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं पुन्हा चरे पाडायचे होते. पूर्वी दर महिन्याला एका दुपारी ते काम उरकायचं. गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा धरला आणि ते लांबत लांबत या उन्हाळ्यात थांबलंच. मजुरीवर टाकी लावणारे आता या भागात फिरकत नाहीत.

त्यांची मुलगी गायत्री गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. त्या संध्याकाळी तिनं शाळेतला तापमापक पडत्या पिठात धरला. पारा अडुसष्टवर थांबला. मग तिनं मीटर पाहिला. क्विंटलभर ज्वारीला पूर्वी सात युनिटं लागायची, आता दहा लागत होती.

"वरची तीन गेली कुठं?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"कुठंच जात नाहीत, अप्पा. विजेनं मोटार फिरली, मोटारीनं दगड. चरे असले की दाणा चटकन फुटून बाहेर पडतो. नसले की तिथंच घासत बसतो. त्या घासण्यात गेलेली वीज म्हणजे ही गरमी."

"मंजी म्या गिरणी न्हाय, भट्टी चालवतोय."

"जवळजवळ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी बंद ठेवली, चेनपुलीनं वरचा दगड उचलून उलटा केला आणि टाकी हातात घेतली. दहा-बारा घाव घातले की थांबावं लागत होतं. दुपारी पत्नी गौराबाईंनी भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं.

"खावा. त्याबिगर हात चालंल का?"

"कुठल्या गिरणीचं पीठ हे?"

गौराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पीठ नव्या गिरणीतलं होतं. सिद्रामप्पांनी दोन्ही भाकरी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

गायत्री शाळेतून आली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"भाकरीचा जोर हातात, हातातला टाकीत, टाकीतला दगडात. मग एवढा घाम कशाचा गं?"

"जोराच्या चार वाट्यांतला एखादाच टाकीला मिळतो. बाकीच्याची गरमीच होते."

"मंजी म्याबी झिजलेला दगडच."

"तरणा माणूसही तेवढाच तापतो, अप्पा."

एका दुपारचं काम तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी आधी कोंडा दळून दगडाची कच काढली, मग शिवकांताबाईंची पाच किलो ज्वारी टाकली. पारा पंचेचाळीसच्या वर गेला नाही. संध्याकाळी शिवकांताबाई स्वतः सांगायला आल्या.

"झकास झाली भाकर. आता आमी इथंच येणार बघा."

"महिनाभर या," सिद्रामप्पा म्हणाले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. मोटार गौराबाईंनी बंद केली. "त्याच्याम्होरं दगड परत झिजंल. आता ह्या हातानं परत टाकी लागायची न्हाय. तवा तिकडंच जावा. जवार नासवू नगा."