दोन वाट्या मका

माझ्या सासूबाईंचा हात मोठा. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी उभं आयुष्य स्वयंपाक केला. तिथे मीठ चिमटीने पडत नसे, डावाने पडे. निवृत्त होऊन घरी बसल्या तरी अंदाज काही घरचा झाला नाही. चार माणसांसाठी पातेलं चढवलं की शेजारची दोन घरंही जेवून उठत. मी नवीन असताना एकदा धीर करून म्हणाले, "आई, जरा कमी करायचं का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाच्या तरी पोटावर पाय द्यायला निघाले होते. तेव्हापासून मी त्या वाटेला गेले नाही.

सासरे म्हणजे दुसरं टोक. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचं मोठं यंत्र असतं, त्यावर त्यांची नोकरी. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचं. बोलायचं खातं सासूबाईंकडे होतं आणि ते त्या एकहाती सांभाळत. सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस गळ, स्टूल आणि डबा घेऊन तळ्यावर निघे, आणि निवृत्त झाल्यावर तर रोजच. तेही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात कार्प मासा कोणाच्याही गळाला लागतो, त्यात काय मोठं, असं त्यांचं म्हणणं.

तळं वस्तीबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मागे. विटांसाठी माती काढून काढून खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साठलं आणि कोणीतरी कधीतरी त्यात कार्प सोडले. थंडी पडली की हे मासे खोल पाण्यात जाऊन सुस्त पडतात. फारसं हलत नाहीत, फारसं खात नाहीत. दुपारी ऊन वर आलं की तेवढ्यापुरती त्यांना भूक लागते. म्हणून एकच जागा धरायची, रोज तिथे थोडेसे उकडलेले मक्याचे दाणे टाकायचे, आणि माशांना त्या जागेची सवय लावायची. तळ्यावरचा रिवाज असा, की ज्याने हिवाळाभर जागा राखली त्याची ती. महिनाभर कोणी फिरकलं नाही तर जागा मोकळी. आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा.

हे शेवटचं कलम सासूबाईंना कधीच पटलं नाही. "दिवसभर कुडकुडायचं, मासा धरायचा, आणि त्याला टाटा करून हात हलवत घरी यायचं," त्या म्हणत. "मी कँटीनमध्ये असं केलं असतं तर लोकांनी मलाच तळलं असतं."

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर सासऱ्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. ज्या चादरींना त्यांनी वर्षानुवर्षं इस्त्री केली, त्याच चादरींवर काही दिवस काढून ते घरी आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हातपाय बरेचसे परत येतील, पण व्यायाम केला तर, आणि तोही या हिवाळ्यातच. नंतर जे राहिलं ते राहिलं. व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्या रबरी चेंडू हातात देत, सासरे तो गादीवर सोडून देत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. बोलणं जड झालं होतं हे खरं, पण मुळात बोलायचंच नव्हतं. माझा नवरा समजावून थकला. मी साखर पेरून पाहिली, रागावून पाहिलं. त्यांच्या पाठीशी बोलून बोलून माझं डोकं उठायचं, आणि स्वयंपाकघरात आलं की रडू यायचं.

सासूबाई हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. एके सकाळी त्या पलंगाशी उभ्या राहिल्या.

"तुमची जागा जाणार. पोस्टमन टपून बसलाय."

पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन, सासऱ्यांचा तळ्यावरचा शेजारी. त्याचा त्या जागेवर फार दिवसांपासून डोळा होता. सासऱ्यांनी पांघरूण कानावर ओढून घेतलं.

"मग मीच जाते," सासूबाई म्हणाल्या.

जन्मात गळाला हात न लावलेली बाई. त्यांनी नवऱ्याचा जाड कोट चढवला, कानटोपी घातली, गळ खांद्यावर टाकला आणि निघाल्या. मागून पाहिलं तर सासरेच चाललेत असं वाटावं, फक्त सासरे रस्त्याने असे बडबडत कधी गेले नव्हते.

दुपार उलटल्यावर परत आल्या. नाक लाल झालेलं, कोटाला चिखल. पलंगाशेजारी बसून त्यांनी हकीकत सुरू केली. गळ पहिल्या फटक्यात झाडात अडकला. पोस्टमनने काढून दिला. दुसऱ्या फटक्यात पोस्टमनच्या टोपीत अडकला. सासऱ्यांची पाठ हलली नाही.

"आणि दाणे टाकले हो. म्हटलं, बिचारे थंडीचे उपाशी असतील. चांगला दोन वाट्या मका घातला."

पलंग करकरला. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते.

"दोन वाट्या?" घरी आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले दोन शब्द. जिभेला जडपणा होता, पण शब्द ओळखू येत होते. ते कूस बदलून आमच्याकडे वळले. "हिवाळ्यात?"

"का? कमी झाला?"

मग त्या माणसाने डाव्या कोपरावर जोर दिला आणि उठून बसायचा प्रयत्न केला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तुटक तुटक शब्दांत त्यांनी सांगितलं, की थंडीत मासा खात नाही, उरलेला मका तळाशी कुजतो, पाण्याला वास येतो आणि मासे ती जागा सोडून जातात. मूठभरसुद्धा टाकायचा नाही. "एवढा," ते म्हणाले, आणि एवढा म्हणजे किती हे दाखवायला त्यांनी उजवा हात उचलला. तोच हात. तो गादीवरून जेमतेम वर आला आणि बोटं एकमेकांकडे यायला धडपडली.

सासूबाई चेहऱ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या हाताकडे पाहत होत्या.

"एवढा म्हणजे केवढा? मला नीट दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुन्हा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दाणे मोजकेच घेऊन गेल्या, पण आल्या त्या नवा पराक्रम घेऊन. त्यांनी गळाला बुटाच्या नाडीची गाठ मारली होती. "सुटली बाई, आणि गळ तळ्यात," असं त्या अगदी निर्मळ चेहऱ्याने म्हणाल्या. सासऱ्यांनी डोळे मिटले, उघडले आणि दोरा मागितला. डाव्या हाताने दोरा धरून उजव्या हाताच्या बोटांनी ते गाठ दाखवू लागले. दोरा सटके, ते दात खाऊन पुन्हा धरत. सासूबाईंना ती गाठ आठवडाभर समजली नाही. मला तिसऱ्या दिवशी समजली. मी तसं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटून भांडी घासायला गेले.

मग आमिषाची कणीक. सासूबाईंची कणीक म्हणे पाण्यात पडताच विरघळे. आयुष्यभर शेकड्यांनी माणसं जेवू घातलेल्या बाईला गोळाभर पीठ मळता येत नाही, यावर दुसरा कोणी विश्वास ठेवला नसता. सासऱ्यांनी ठेवला. नवऱ्यांचं असंच असतं. ते परातीत हात घालून रोज सकाळी पीठ मळू लागले. उजवा हात आधी पिठात नुसता पडून राही, मग दाबू लागला, मग वळू लागला. रबरी चेंडू पलंगाखाली गेला तो तिथेच राहिला. व्यायामाच्या बाई येऊन हाताची ताकद पाहत आणि खूश होऊन म्हणत, "बघा, चेंडूचा कसा उपयोग झाला." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

एका दुपारी सासूबाई डबा विसरून गेल्या म्हणून मी तळ्यावर गेले. आधी मला त्या सापडल्याच नाहीत, कारण मी आवाजाच्या रोखाने शोधत होते आणि तिथे आवाजच नव्हता. त्या स्टुलावर गप्प बसल्या होत्या. दोरी बोटावरून घेतलेली, नजर पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर. बूच अगदी किंचित कललं. मला ते वाऱ्याने हललंसं वाटलं. त्यांनी मनगट उचललं, गळाची काठी वाकली, आणि घाई न करता, सैल सोडत, ओढत त्यांनी एक मोठा सोनेरी तपकिरी कार्प काठाला आणला. मासा धरण्याआधी हात ओले केले. तोंडातला गळ अलगद काढला, माशाला पाण्यात धरून ठेवलं आणि त्याने शेपटी हलवली तेव्हा सोडला.

"आई, तुम्हाला तर सगळं येतं," मी म्हणाले.

"दोन वाट्यांचं खरंच झालं होतं माझ्याकडून," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "पण त्यापायी ते उठून बसले ना. मग मी ठरवलं, रोज काहीतरी चुकायचं. डोकं खाजवावं लागतं गं. बरोबर करणं सोपं आहे."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळेपर्यंत चालायला लागले म्हणजे झालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाही लागले तर मी काय करू, मला माहीत नाही." इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले, पण त्यांना काही माहीत नाही असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

हात सुधारला, पण पाय अडला. सासरे पलंगाच्या कडेला बसत, उभे राहिले तर लगेच खाली बसत. पडायची भीती मनात घर करून होती. थंडी सरत आली होती आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. त्या दिवसांत एकदा सासूबाई घरी आल्या, कोट खुंटीला लावला आणि सहज म्हणाल्या, "ती तुमची जागा फार गार हो. मी आपली पलीकडे उन्हात बसते आता. बसू दे पोस्टमनला तिथे."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते पलंगाची कड धरून उभे राहिले आणि खाली बसले नाहीत.

"माझे बूट कुठायत?"

बूट त्या दिवशी दारापर्यंतच गेले. नंतर अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. एका हातात काठी, दुसरीकडे मी, आणि वाटभर पोस्टमनच्या नावाने शंख. एवढे तर ते नोकरीत असतानाही बोलले नव्हते. शेवटी एका उन्हाच्या सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. भट्टीची भिंत धरत धरत, थांबत थांबत.

जागा होती तशी होती. गळ टेकवायची बेचकी जमिनीत नीट रोवलेली, बसायच्या जागेवरचं गवत दबून सपाट झालेलं, काठाशी एकही दाणा सांडलेला नाही. पोस्टमन आपल्या जागेवरून उठून आला.

"या, या. तुमची जागा काही मला मिळत नाही बघा," तो हसून म्हणाला. "बाईंनी एक दिवस सोडला नाही. हात काय आहे त्यांचा. मला शिकवा म्हणून मागे लागलोय."

सासूबाई डब्याचं झाकण उगीच लावत-काढत बसल्या. सासरे स्टुलावर टेकले आणि चालायची काठी बाजूला ठेवली. सासूबाईंनी गळ टाकला आणि दोरी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर ठेवली. ऊन पाण्यावर हळूहळू सरकत होतं. बूच कललं. सासऱ्यांना ते दिसलं, त्यांनी हात उचलला, पण तो उशिरा उचलला गेला. दोरी सैल पडली.

"सुटला," ते म्हणाले.

"सुटला," सासूबाई म्हणाल्या.

"दोन वाट्यांचं खरं होतं?"

"खरं होतं."

"आणि बाकीचं?"

सासूबाईंनी त्यांचा मफलर नीट करायला घेतला. तो नीटच होता. मला वाटलं, आता हा माणूस उठणार, घरी जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि आमचा सगळा हिवाळा पाण्यात जाणार.

सासऱ्यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर उचलून ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "सकाळी जाग आली की अजून वाटतं, कशाला उठायचं," ते म्हणाले. "मग तू काय घोळ घातलास ते ऐकायचं असतं, म्हणून उठतो." थोड्या वेळाने, खूप हळू, म्हणाले, "उद्याही काहीतरी चुकव."

सासूबाईंचे डोळे भरले. त्यांनी ते कोटाच्या बाहीला पुसले.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. शेजारचा डबा उचलला आणि त्यात होता नव्हता तेवढा सगळा मका त्या जागेवर, बरोबर बुचाच्या भोवती, तळ्यात रिकामा केला.

"अगं ए बाई!" सासरे ओरडले. "अजून हिवाळा आहे!" आणि डबा हिसकावून घ्यायला ते ताडकन उठले, दोन पावलं पुढे गेले. मी आधार द्यायला धावले, तर सासूबाईंनी मला हाताने अडवलं. चालायची काठी स्टुलाशेजारी गवतात तशीच पडून होती.