आईने वाचलेली पाटी
एसटी स्टँडवरचा डिझेलचा वास आला की मला आईचा पहिला चष्मा आठवतो. कोयनानगरला मावशीकडे एकटीने जायची तिची फार इच्छा होती, पण एकदा ती चुकून मिरजेच्या गाडीत बसली आणि तेव्हापासून मी तिला एकटीला सोडत नव्हतो. “पाटी वाचायची ना!” असं चारचौघांत ओरडलोही होतो. तिला ती पाटी दिसतच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. सांगलीच्या दुकानातून चष्मा घेऊन आम्ही थेट स्टँडवर आलो. ती लांबूनच मोठ्याने वाचू लागली, “इस्लामपूर... विटा... कोयनानगर! आली रं!” शेजारची बाई हसली, “काकू, कंडक्टर झालासा की!” “व्हय, तिकीट काढ आता,” आई म्हणाली. मी तिच्यामागे गाडीत चढू लागलो, तर तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “तू कशाला? घरी जा.” गाडी हलली तेव्हा मी हात केला, पण तिचं लक्षच नव्हतं. खिडकीतून ती दुकानांवरच्या पाट्या वाचत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. आता माझ्याही नाकावर चष्मा आहे, पण तिच्याइतक्या आनंदाने मी अजून काहीच वाचलेलं नाही.