सवारीची जागा

लग्न होऊन मी घाटंजीला आले, तेव्हा नवऱ्याच्या दारात मोटार आहे ही गोष्ट मला नवऱ्यापेक्षाही मोठी वाटली होती. साठ साल नुकतंच उलटलं असावं. हे आधी फौजेत ड्रायव्हर होते. नोकरी सुटल्यावर यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटार उचलली, मागे समोरासमोर दोन फळ्या बसवल्या आणि घाटंजी ते यवतमाळ सवाऱ्या न्यायला लागले. आमच्या वस्तीतली ती पहिली मोटार. वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला फार वर्षं झाली नव्हती. ज्यांच्या बैलबंडीत आमच्या माणसाला कधी कोणी बस म्हटलं नव्हतं, तीच माणसं बाजाराच्या दिवशी आमच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायची. मी दारातून बघत राहायची आणि माझी छाती भरून यायची.

मी स्वतः मात्र त्या मोटारीत कधी बसले नव्हते. घरच्या माणसाने सवारीची जागा अडवायची नाही, हा यांचा नेम होता. माहेरी जायचं तर मी पायी निघायची, आणि आमचीच मोटार माझ्या अंगावर धूळ उडवत पुढे जायची. त्यावरून मी यांना पुष्कळ टोचलं. हे नुसते हसायचे.

वर्षातून एकदा गाडीचं पासिंग असे. मोटारी तपासणारे साहेब यवतमाळहून येत आणि गावाबाहेरच्या मैदानावर आसपासच्या गाड्या ओळीने उभ्या राहत. गाडी पास झाली तर रस्त्यावर, नाही तर दारात. आमची चूल त्या गाडीवरच पेटत होती. त्या वर्षी पासिंगच्या दिवशी सकाळी यांनी माझ्याकडे साबणाचं पाणी मागितलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं झाकण उघडून ते यांनी आत कुठेतरी ओतलं. मला वाटलं, मोटारीला आतूनही आंघोळ घालतात.

मी भाकरी घेऊन मैदानावर गेले. बाकीच्या गाड्यांना लिंबू-मिरच्या टांगलेल्या होत्या. दीक्षेनंतर आम्ही ते सोडलं होतं. आमच्या गाडीच्या नाकावर काही नव्हतं, तरी मला तीच सगळ्यांत देखणी दिसत होती.

साहेब किडकिडीत होते. ते इंजिनाला कान लावत, चाक हलवून बघत, भोंगा वाजवत, आणि मोठमोठे गाडीवाले त्यांच्या मागे श्वास रोखून चालत. एवढ्याशा माणसाच्या मान हलवण्यावर इतकी घरं अवलंबून आहेत, हे बघून मी थक्क झाले होते. शेवटी ब्रेकची परीक्षा असे. भरलेली गाडी नाल्याच्या उतारावरून जोरात सोडायची आणि साहेब म्हणतील तिथे थांबवायची. वजनाला सरकीची पोती ठेवत. आमच्या पाळीला साहेब म्हणाले, पोती राहू द्या, इतकी माणसं उभी आहेत, तीच बसवा. फुकटात मोटार मिळते म्हटल्यावर लोक भराभर चढले. आज सवारी कोणीच नाही, मग माझी कशाची अडचण? मीही चढले आणि फळीच्या टोकाला बसले.

हे मागे आले. "तू उतर," म्हणाले.

मला तो जुनाच नेम वाटला. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी माझ्याकडे न बघता. ते साहेबांनी ऐकलं. एवढी माणसं चालतात आणि बायको का नाही, असं त्यांनी विचारलं.

जागा नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबांनी ते मानलंही असतं. यांनी फळीवरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं.

"साहेब, ब्रेक तीनदा पाय मारल्याबिगर लागत नाही. ब्रेकचं तेल गळते. सकाळी त्याच्या जागी म्या साबनाचं पानी टाकलं. तिले उतरवून राह्यलो, मंग या लोकाईले कसा बसवू?"

माणसं एकेक करून खाली उतरली. साहेबांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. गाडी नापास, ब्रेक नीट करून पुन्हा दाखवल्याशिवाय ती घरापर्यंतही चालवत न्यायची नाही, एवढं सांगून ते पुढच्या गाडीकडे गेले. उद्या चूल कशी पेटेल याची मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं. या माणसाशी माझं लग्न झालं आहे, हे मला त्या मैदानावर नव्याने कळलं.

आता गाडी घरी न्यायची कशी? फळीवरून उतरलेल्यांत गावातले एक मोठे शेतकरी होते. वस्तीतल्या माणसाला बंडीजवळही उभं न करणारं त्यांचं घर. ते गेले, आपल्या बंडीचे बैल सोडून घेऊन आले आणि दोर आमच्या मोटारीला स्वतः बांधला. हे स्टिअरिंगवर बसले. मी बाजूला उभी होते.

"आता बसू का?" मी विचारलं.

"बस. आज ब्रेक बैलाईचा आहे."

मोटार बाजारातून बैलांमागे निघाली. लोक दोन्ही बाजूंनी हसत होते. मी पहिल्यांदाच मोटारीत बसले होते, यांच्या शेजारी, ताठ.