दसऱ्याचा नारळ

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीच्या दसऱ्याची गोष्ट. दादानं परभणीत पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. मशीन एकच. पोरांना माऊसवर चालणारी नवी सिस्टीम शिकायची होती, ती दसऱ्याला टाकायचं ठरलं. मुहूर्त वडिलांनी पंचांगात बघून दिला. मशीनची मेमरी पुरेल का, डिस्कवर जागा होईल का, हे मात्र दादानं बघितलंच नाही.

वडील पेडगावहून नारळ घेऊन आले. औतावर शिंपडतात तसं त्यांनी नारळाचं पाणी मशीनवर शिंपडलं, झेंडू वाहिला. दादानं जुनी सिस्टीम पुसून नवी टाकायला घेतली, आणि मशीन मध्येच अडकलं ते अडकलंच.

"माज्या पान्यानं बिघडलं का रे?" वडिलांनी विचारलं. दादा मशीन बंद-चालू करत राहिला.

वडील गावी परतल्यावर मेकॅनिकनं मशीन खोललं. पाणी आत गेलंच नव्हतं, मेमरी कमी पडली होती. दादानं हे वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. वडील वारल्यावर मला सांगितलं, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठले. एका वाक्याचं तर काम होतं!

बाईनं नारळ फोडू नये म्हणणारे माझे वडील. मशीन अडकलं तेव्हापासून दर दसऱ्याला औताची पूजा मांडायचे, आणि नारळ माझ्या हातात द्यायचे.

"तूच फोड, बाई. माजा हात चांगला न्हाई."